रिपोर्टमधला उणे आकडा: एचआयव्हीसोबत जगणारे पुरुष, त्यांची हाडं आणि त्यांची धास्ती

समजा, इचलकरंजीचा एक गृहस्थ आहे. वय ५२, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं. पंधरा-सोळा वर्षांपासून एचआयव्हीसाठी एआरटीच्या गोळ्या चालू आहेत आणि एकही खाडा नाही. रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी चांगल्या आहेत, व्हायरल लोडच्या म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या रिपोर्टवर ‘टीएनडी’ म्हणजे विषाणू सापडला नाही असं लिहून येतं. एके दिवशी कोणीतरी त्याला हाडांची डेक्सा तपासणी करायला सांगतं आणि रिपोर्टमध्ये एक आकडा येतो: उणे १.८. खाली एक शब्द, ऑस्टिओपेनिया.

तो घरी येऊन मोबाइलवर शोधतो. ‘एआरटीने हाडं झिजतात’ एवढं एक वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसतं. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याची बादली उचलत नाही, जिना टाळतो, संध्याकाळचं फिरणं बंद करतो. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. आठवड्याभराने तो विचार करू लागतो, ही गोळीच काही दिवस थांबवली तर?

या माणसाच्या हाडांना त्या उणे आकड्यापेक्षा त्या आठवड्याने जास्त इजा केली, असं मला ठामपणे वाटतं. असं का, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा प्रश्न आत्ताच का निघाला?

कारण माणसं जगली. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ सरकारी रुग्णालयांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. एआरटी म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधांचा एकत्रित उपचार. त्या काळात तिशीत असलेले जे पुरुष गोळ्यांवर आले, ते आज पन्नाशी ओलांडत आहेत. तेव्हा कोणी हाडांविषयी विचारत नव्हतं, पुढची दिवाळी दिसेल का एवढाच प्रश्न असायचा.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या पहिल्या वर्षांतल्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन नावाचं औषध असे. त्याने जीव वाचले, पण अनेकांचे गाल खोल गेले, हातपाय बारीक झाले, तळपायांना मुंग्या यायच्या. चेहऱ्यावरूनच गावाला कळेल, या भीतीने लोक घराबाहेर पडेनासे झाले. पुढे ते औषध उपचारातून काढून टाकलं गेलं, पण आठवण राहिली. त्यामुळे आज कोणी ‘गोळीचा हाडांवर परिणाम होतो’ म्हटलं की जुन्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या भीतीला वेड्यात काढू नये, तिच्यामागे खरा अनुभव आहे.

हाड म्हणजे दगड नव्हे

कोकणातल्या कौलारू घरांची पावसाळ्याआधी शाकारणी करतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली पुन्हा बसवायची. हाडांची अशी शाकारणी बाराही महिने चालते. पेशींची एक टोळी जुनं हाड उकरून काढते, दुसरी टोळी त्याच जागी नवं भरते. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो.

पंचविशी-तिशीपर्यंत भरणारी टोळी पुढे असते, नंतर उकरणारी टोळी हळूहळू वरचढ होते. हे प्रत्येकाचं होतं, एचआयव्ही असो वा नसो. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर हा वेग एकदम वाढतो, म्हणून हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार समजला जातो. पुरुषांमध्ये तो वेग कमी असतो इतकंच. उलट खुब्याचं हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त आहे.

या शाकारणीचा एक नियम पुढे सारखा लागणार आहे. नवं हाड तिथेच भरलं जातं जिथे भार पडतो. चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना हाडाला जो ताण बसतो, तोच भरणाऱ्या टोळीला मिळालेला निरोप असतो. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत महिनोनमहिने राहतात तेव्हा त्यांची हाडं विरळ होतात, कारण तो निरोप येणंच थांबतं.

विषाणूचा वाटा, गोळीचा वाटा

एचआयव्हीमुळे शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा सतत जागी, सतत चिडलेली राहते. याच यंत्रणेच्या पेशी असे रासायनिक निरोप सोडतात, जे हाड उकरणाऱ्या टोळीला कामाला लावतात. म्हणजे गोळी सुरू होण्याआधीच विषाणूने हाडांचं काम बिघडवायला घेतलेलं असतं. त्यात वजन कमी झालेलं असतं, ‘ड’ जीवनसत्त्व कमी असतं, काहींमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटलेलं असतं. तंबाखू आणि दारू असेल तर तो आणखी वेगळा भार.

मग एआरटी सुरू होते. दबलेली प्रतिकारशक्ती उठून उभी राहते आणि त्या गडबडीत उकरणं आणखी वाढतं. पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्क्यांनी उतरते. कोणतीही एआरटी घेतली तरी काही प्रमाणात हे होतंच. त्यानंतर घट थांबते, आकडा बहुधा स्थिरावतो. मोबाइलवर वाचताना नेमकं हेच निसटतं. उतार सुरुवातीला असतो, तो कायम खाली जात राहणारा घाट नाही.

आज सरकारी एआरटी केंद्रावर बहुतेकांना मिळणाऱ्या एकत्रित गोळीला टीएलडी म्हणतात. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं असतात. यातल्या टेनोफोव्हिरचा हाडांवर इतरांपेक्षा थोडा जास्त परिणाम होतो. त्याची वाट मूत्रपिंडातून जाते. मूत्रपिंडाची गाळणी उपयोगी फॉस्फेट परत रक्तात खेचून घेते. टेनोफोव्हिरमुळे काहींमध्ये हे खेचणं कमी पडतं आणि फॉस्फेट लघवीवाटे निसटतं. हाड बांधायला कॅल्शियम विटेसारखं लागतं, तर फॉस्फेट चुन्यासारखं. म्हणूनच एआरटी केंद्रावर अधूनमधून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक, तपासतात. तो कंटाळवाणा वाटणारा रक्ताचा नमुना मूत्रपिंडासोबत हाडांचीही राखण करत असतो.

उणे १.८ म्हणजे किती वाईट?

डेक्सा हा अगदी कमी किरणांचा एक्स-रे असतो. तो खुब्याच्या आणि कंबरेच्या मणक्यांच्या हाडांची घनता मोजतो. त्यातला टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडांची तरुण, निरोगी हाडांशी तुलना. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्याला ऑस्टिओपेनिया म्हणजे विरळ हाड म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे ठिसूळ हाड.

ऑस्टिओपेनिया हा आजार नाही, तो मोजपट्टीवरचा एक टप्पा आहे. पन्नाशीनंतर एचआयव्ही नसलेले कितीतरी लोक त्याच टप्प्यावर असतात, फक्त त्यांनी तपासणी केलेली नसते. लहान चणीच्या माणसाचा आकडा यंत्राच्या मोजण्याच्या पद्धतीमुळेही थोडा कमी दिसतो. पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी टी-स्कोअर बघायचाच नसतो, त्यासाठी झेड-स्कोअर असतो. तो त्याच वयाच्या माणसांशी तुलना करतो आणि उणे २ किंवा त्याखाली गेला तरच कारण शोधावं लागतं.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांमध्ये हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट आढळतो. ‘दीडपट’ ऐकून घाबरायला होतं, म्हणून हिशेब करून बघा. एखाद्या वयोगटात काही वर्षांत शंभरातल्या चौघांचं हाड मोडत असेल, तर इथे सहा जणांचं मोडेल. चौऱ्याण्णव जणांचं मोडणार नाही. हे दोन अधिकचे जण महत्त्वाचे आहेतच, त्यांच्यासाठीच तपासणी आहे. पण आपण त्या दोघांत आहोतच असं धरून चालण्याचं कारण नाही.

आणि एक इशारा. औषधाच्या दुकानाबाहेर किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात ‘मोफत हाडांची तपासणी’ लागते, तिथे बहुधा टाचेवर ध्वनिलहरींचं छोटं यंत्र लावतात. त्या आकड्यावरून निदान करता येत नाही. तो कागद हातात घेऊन रात्र जागवू नका.

‘मग गोळीच बंद करावी का?’

हा प्रश्न संशोधकांनी नकळत तपासून ठेवला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ लोक होते. एका गटाने एआरटी अखंड घेतली. दुसऱ्या गटाने पेशी चांगल्या असताना थांबवली आणि उतरल्यावर पुन्हा घेतली. औषधांचे दुष्परिणाम टळतील अशी आशा होती. हाडांच्या बाबतीत ती खरीही ठरली, थांबवणाऱ्यांच्या हाडांची घट कमी झाली. पण त्याच गटात गंभीर संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका २.६ पट निघाला. २००६ मध्ये थांबवून-घेण्याचा तो प्रयोगच बंद करावा लागला.

हाड विरळ झालं तर त्यावर उपाय आहेत. थांबवलेल्या गोळीने जे बिघडतं, ते कधीकधी परत जुळत नाही.

गोळी बदलणं मात्र शक्य असतं, आणि ते डॉक्टरांशी बोलून ठरतं. टेनोफोव्हिरचं ‘टॅफ’ हे नवं रूप घेतल्यास रक्तातलं टेनोफोव्हिर सुमारे ९० टक्के कमी राहतं आणि हाडांची थोडी घनता भरूनही येते, जरी काहींचं वजन आणि चरबी वाढते. मूत्रपिंडाला त्रास दिसला तर आपल्या सरकारी कार्यक्रमात टेनोफोव्हिरऐवजी अबाकाव्हिर देण्याची सोय आहे. हाड खरोखर ठिसूळ झालेलं असेल तर उकरणाऱ्या टोळीला आवर घालणारी औषधं आहेत. अलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत घेतात आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नसतं.

‘पण माझी कंबर आत्ताच दुखते’

विरळ झालेलं हाड दुखत नाही. ते मोडेपर्यंत गप्प असतं. रोजची कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची, बसण्याच्या पद्धतीची किंवा मणक्यांमधल्या चकतीची असते. तिचा दोष टी-स्कोअरला देऊ नये.

दोन गोष्टींकडे मात्र लगेच लक्ष द्या. किरकोळ झटक्याने पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर मणका दबलेला असू शकतो. आणि जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, चालताना लंगडायला होत असेल, तर खुब्याच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांमध्ये हे इतरांपेक्षा जास्त दिसतं, दारू आणि स्टेरॉइडने धोका वाढतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका म्हणून कळकळीने सांगतो, त्याचं कारण हेच. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे.

धास्ती हाडापर्यंत पोचते ती अशी

आता त्या गृहस्थाच्या आठवड्याकडे परत येऊ. चिंता म्हणजे शेताची राखण करणारा कुत्रा. चोर आला की भुंकावं, तेच त्याचं काम. चिंताविकारात तो प्रत्येक पाचोळ्यावर भुंकतो, रात्रभर भुंकतो आणि मालकाला झोपू देत नाही.

सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक चढं राहू शकतं, आणि चढं कॉर्टिसोल हाड भरणाऱ्या टोळीचा हात आखडतं. पण मला त्याहून साध्या वाटा जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या आपल्या हातातल्या आहेत. घाबरलेला माणूस हलत नाही, आणि न हलणाऱ्या हाडाला भरण्याचा निरोप मिळत नाही. त्याची भूक जाते. तो रात्री दारूचा आधार घेतो, दिवसा तंबाखू वाढवतो. झोपेची गोळी ओळखीच्या दुकानातून आणतो, मध्यरात्री लघवीला उठताना तोल जातो. विरळ हाड आपोआप क्वचितच मोडतं, ते पडल्यावर मोडतं.

आणि एक वाट अशी आहे जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. धास्तीने पोटात जळजळतं. माणूस म्हणतो, ‘ॲसिडिटी झालीय’, आणि पांढरं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घेतो. अशा बहुतेक ॲसिडिटीच्या औषधांत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं. ते डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणजे गोळी रोज घेतली तरी ती अर्धवटच मिळते. मनातल्या चिंतेचा माग काढत गेलं तर तो थेट व्हायरल लोडपर्यंत जाऊ शकतो.

‘पुरुषाला कसली आलीय चिंता?’

पुरुष ‘मला चिंता वाटते’ म्हणत नाही. तो म्हणतो छाती भरून येते, डोकं जड आहे, बीपी वाढलंय, घरच्यांवर चिडचिड होते. एआरटी केंद्रावर तपासणी चालते ती रक्ताची आणि वजनाची, त्यामुळे तोही ‘सगळं ठीक’ म्हणून महिन्याच्या गोळ्या घेऊन निघतो. त्यात हे गुपित अनेकांनी बायको सोडून कोणालाच सांगितलेलं नसतं, काहींनी तिलाही नाही. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना तर दोन गुपितं सांभाळावी लागतात. इतकी वर्षं एकट्याने पहारा दिल्यावर मन थकणारच, आणि त्या थकण्यात कमीपणाचं काही नाही.

चिंता मोजताही येते. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी असते, त्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात. एकवीसपैकी दहा किंवा जास्त गुण आले तर नीट तपासून घ्यावं. कधी कारण गोळीतही असतं. पूर्वीच्या एआरटीतल्या एफाव्हिरेन्झ या औषधाने अनेकांना भडक स्वप्नं आणि गरगर व्हायची. डोल्युटेग्राव्हिरनेही काहींची झोप उडते, अस्वस्थ वाटतं, तेव्हा डॉक्टर ती गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगतात. वेळ बदलल्यावर माणूस शांत झोपू लागल्याचं ऐकलं की बरं वाटतं. एवढ्याने भागलं नाही तर बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत. नैराश्य-चिंतेवरच्या काही औषधांचा हाडांशी थोडा संबंध दिसतो. त्यासाठी ती टाळायची नाहीत, पण हाडांचा रिपोर्ट मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचा.

‘मग कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का?’

विचारून घ्या, आणि वेळ सांभाळून घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही डोल्युटेग्राव्हिरला अडवतात. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. ते जमत नसेल तर दोन्ही भरल्या पोटी जेवणासोबत घेतलेलं चालतं. ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर ठेवावंच लागतं. ताटातल्या दूध-दह्याला यातला कुठलाच नियम नाही.

योग्य माणसाला, योग्य वेळी दिलं तर याचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत एआरटी सुरू करतानाच काहींना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिलं. ४८ आठवड्यांनी त्यांच्या खुब्याच्या हाडाची घट १.४६ टक्के होती, न घेणाऱ्यांची ३.१९ टक्के. पण हे मोठे डोस मनाने घ्यायचे नसतात, मूतखडा आणि रक्तात कॅल्शियम वाढण्याचा धोका असतो.

स्वयंपाकघरातून बरंच साधतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्यांनी एक तृतीयांश भागतं. शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, ताक, काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी हे सगळं मोजायचं.

उन्हाबद्दलचा एक समज मात्र सोडावा लागेल. ‘सकाळचं कोवळं ऊन’ अंगाला बरं वाटतं, पण त्यात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, हातपाय उघडे ठेवून, पंधरा-वीस मिनिटं.

आणि चालणं. भरभर चालणं, जिना, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, हळूहळू वाढवत नेलेलं वजन. हाड आणि मन या दोघांनाही उपयोगी पडणारं याहून चांगलं औषध माझ्या माहितीत नाही. ज्यांचा मणका आधीच दबलेला आहे त्यांनी कंबरेत वाकून ओझं उचलू नये, बाकीच्यांनी बादली उचलावी.

‘हाडांच्या डॉक्टरांना सगळं सांगावं लागेल?’

डेक्सा करणाऱ्या केंद्राला एचआयव्हीविषयी सांगण्याची गरज नसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र कोणत्या गोळ्या चालू आहेत ते कळलं पाहिजे, नाहीतर एक औषध दुसऱ्याच्या आड येतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणं आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, दोन्ही त्याने बेकायदा ठरवलं आहे.

पन्नाशी ओलांडली असेल, आधी किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतले असतील, तर डेक्साविषयी विचारा. गोळ्यांच्या पुढच्या तारखेला जाल तेव्हा समुपदेशकांसमोर दोन मिनिटं जास्त बसा आणि एकाच दमात दोन्ही सांगा: ‘हाडांचा असा रिपोर्ट आलाय, आणि तेव्हापासून झोप नाही.’ तिथवर थांबवत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. एचआयव्हीच्या शंकांसाठी १०९७ आहे. आणि त्या रात्रीची गोळी, ती नेहमीच्या वेळेला घ्या.